विश्लेषण : शेअर बाजाराला पहिला निर्देशांक देणारे चार्ल्स डाऊ कोण होते? त्यांच्या यादीतून इंडेक्स फंड कसे आकाराला आले?

बाजार आज वर गेला की खाली आला, हे सांगायला एक आकडा पुरतो. सेन्सेक्स, निफ्टी, डाऊ जोन्स ही नावे आयुष्यात एकही शेअर न घेतलेल्यांच्याही कानावर रोज पडतात. लाखो नोकरदारांचे ‘एसआयपी’चे हप्ते आणि भविष्य निर्वाह निधीचा काही भागही आता अशाच आकड्यांच्या मागे चालणाऱ्या फंडांत जातो. या आकड्याची सुरुवात १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तळघरात झाली. ती करणारे चार्ल्स डाऊ हे जेमतेम शालेय शिक्षण झालेले बातमीदार होते. त्यांनी नेमके काय केले, त्यात काय उणे राहिले आणि आजच्या इंडेक्स फंडधारकाला त्यातून काय समजते, याविषयी...

शेतकऱ्याचा मुलगा बातमीदार कसा झाला?

चार्ल्स हेन्री डाऊ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८५१ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या स्टर्लिंग या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. डोंगराळ, खडकाळ जमिनीतल्या शेतीत त्यांचे मन रमले नाही. विशीत पदार्पण करताच त्यांनी घर सोडले आणि १८७२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘स्प्रिंगफिल्ड डेली रिपब्लिकन’ या वृत्तपत्रात बातमीदार म्हणून नोकरी धरली.

तिथून ते ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात गेले आणि १८७७ मध्ये ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’मध्ये दाखल झाले. तिथे त्यांनी न्यूयॉर्क आणि प्रॉव्हिडन्स यांच्यातील आगबोट वाहतुकीचा इतिहास लिहिला, न्यूपोर्ट शहरावरही दीर्घ लेखन केले. एखादा व्यवसाय आज कसा आहे, हे सांगण्याआधी तो काल कसा होता, हे जुन्या नोंदींतून शोधण्याची सवय त्यांना या कामात लागली. पुढे बाजाराकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

लीडव्हिलच्या खाणींनी काय शिकवले?

कोलोराडोतील लीडव्हिल येथे १८७९ मध्ये चांदीच्या खाणींची लाट आली होती. पूर्वेकडचे भांडवलदार खाणी पाहायला निघाले, तेव्हा ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ने डाऊ यांना त्यांच्यासोबत पाठवले. रेल्वेच्या त्या लांबच्या प्रवासात आणि खाणींच्या गावात त्यांना पैसेवाल्यांचे बोलणे जवळून ऐकायला मिळाले. पैसा गुंतवण्यापूर्वी ही माणसे काय विचारतात, कोणत्या माहितीला किंमत देतात, हे त्यांनी टिपले. एका रात्रीत श्रीमंत होणारे आणि तितक्याच लवकर कफल्लक होणारेही त्यांनी तिथे पाहिले.

परतल्यावर छोट्या शहरात त्यांचे मन लागेना. १८८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि ‘कीर्नन’ या वॉल स्ट्रीटवरील वृत्तसंस्थेत काम मिळवले. दलालांच्या पेढ्यांना बाजाराच्या बातम्या पुरवणे, हा या संस्थेचा धंदा होता. प्रॉव्हिडन्समधील जुने सहकारी एडवर्ड जोन्स यांनाही त्यांनी तिथे बोलावून घेतले. पुढल्याच वर्षी, १८८१ मध्ये, डाऊ यांचा ल्युसी रसेल यांच्याशी विवाह झाला.

‘डाऊ जोन्स’ ही कंपनी कशी उभी राहिली?

नोव्हेंबर १८८२ मध्ये डाऊ, जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर या तिघांनी ‘डाऊ, जोन्स अँड कंपनी’ स्थापन केली. बर्गस्ट्रेसर यांचे नाव पाटीवर आले नाही. कचेरी होती न्यूयॉर्क शेअर बाजाराला लागून असलेल्या १५, वॉल स्ट्रीट या इमारतीच्या तळघरात.

डाऊ मितभाषी आणि शांत, तर जोन्स तापट. मात्र कंपन्यांचे हिशेब वाचण्यात जोन्स यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवसभर बातम्या गोळा करायच्या, पातळ कागदांची चळत करून एकाच वेळी हाताने अनेक प्रती काढायच्या आणि निरोप्या पोरांकरवी त्या पेढ्यापेढ्यांवर पोहोचवायच्या, असा हा धंदा होता. नोव्हेंबर १८८३ पासून दिवसभराचा गोषवारा देणारे दोन पानी सायंपत्रक सुरू झाले. त्यातूनच ८ जुलै १८८९ रोजी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ हे चार पानी दैनिक निघाले. किंमत होती दोन सेंट.

त्या काळच्या बाजाराची अवस्था लक्षात घेतली, तर या कामाचे मोल कळते. वार्षिक ताळेबंद लोकांपुढे मांडण्याचे बंधन बहुतेक कंपन्यांवर नव्हते. आतल्या गोटातील माणसे अफवा सोडत, भाव चढवत आणि स्वतः बाहेर पडत. पैसे घेऊन एखाद्या शेअरची भलामण करणारे बातमीदारही होते. बाहेरच्या सामान्य माणसाकडे खरे काय ते ठरवण्याचे साधनच नव्हते. डाऊ यांच्या कंपनीने कंपन्यांचे आकडे मिळवून सर्वांपुढे ठेवायला सुरुवात केली.

निर्देशांकाची गरज का भासली?

एखाद्या दिवशी वीस शेअर चढले आणि पंधरा पडले, तर बाजार चढला की पडला? या साध्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. प्रत्येक दलाल आपापल्या हातातल्या शेअरवरून मत बनवत असे. अफवा पसरवणाऱ्यांचे फावायचे ते यामुळेच.

डाऊ यांनी काढलेला मार्ग अगदी साधा होता. काही प्रमुख कंपन्या निवडायच्या, त्यांच्या शेअरच्या दिवसअखेरच्या भावांची बेरीज करायची आणि कंपन्यांच्या संख्येने भागायचे. येणारी सरासरी कालच्या सरासरीशी ताडून पाहायची. ३ जुलै १८८४ रोजी त्यांच्या सायंपत्रकात अशी पहिली सरासरी प्रसिद्ध झाली. तिच्यात ११ कंपन्या होत्या, त्यापैकी नऊ रेल्वे कंपन्या. उरलेल्या दोन म्हणजे पॅसिफिक मेल ही आगबोट कंपनी आणि वेस्टर्न युनियन ही तार कंपनी. अमेरिकी शेअर बाजार म्हणजे मुख्यतः रेल्वेचा बाजार, अशीच तेव्हा स्थिती होती.

कारखानदारीचे शेअर त्या वेळी सट्ट्याचे मानले जात. पण पोलाद, साखर, रबर, वीज यांचे महत्त्व वाढत असल्याचे डाऊ यांना दिसत होते. २६ मे १८९६ रोजी त्यांनी फक्त औद्योगिक कंपन्यांची वेगळी सरासरी प्रसिद्ध केली. तिच्यात १२ कंपन्या होत्या आणि पहिला आकडा होता ४०.९४. आज जगभर ‘डाऊ’ म्हणून ओळखला जाणारा निर्देशांक तो हाच. रेल्वे कंपन्यांची सरासरी त्याच वर्षी वेगळी झाली.

पहिल्याच उन्हाळ्यात निर्देशांक का गडगडला?

१८९६ हे अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. चलन सोन्याशी बांधलेले ठेवायचे की चांदीलाही मोकळीक द्यायची, यावर देश दुभंगला होता. या अनिश्चिततेत ८ ऑगस्ट १८९६ रोजी औद्योगिक सरासरी २८.४८ वर आली. म्हणजे जन्मानंतर अडीच महिन्यांच्या आत तिने सुमारे ३० टक्के मूल्य गमावले.

त्या काळी इंडेक्स फंड असते आणि कोणी पहिल्याच दिवशी १०० डॉलर गुंतवले असते, तर ऑगस्टमध्ये त्याच्या हाती ७० डॉलरच उरले असते. निर्देशांकातील गुंतवणूक सुरक्षित असते, हा समज निर्देशांकाच्या पहिल्याच उन्हाळ्यात खोटा ठरला होता. डाऊ यांचे निधन झाले तेव्हा, सहा वर्षांनंतर, हीच सरासरी साठीच्या घरात होती, हेही तितकेच खरे.

डाऊ यांच्या गणितात कोणती उणीव होती?

डाऊ यांची पद्धत कागद-पेन्सिलीने करता येण्याजोगी होती. तिची मर्यादाही त्या सोपेपणातच होती. समजा, एका छोट्या कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि भाव आहे ५,००० रुपये. दुसऱ्या मोठ्या कंपनीचे ५०० कोटी शेअर आहेत आणि भाव आहे २०० रुपये. पहिलीचे बाजारमूल्य ५ हजार कोटी, तर दुसरीचे एक लाख कोटी रुपये होते. दुसरी कंपनी वीस पट मोठी आहे. डाऊ यांच्या पद्धतीने या दोघींची सरासरी येते २,६००.

आता छोट्या कंपनीचा शेअर १० टक्के वाढला तर सरासरी २५० अंकांनी वाढेल. मोठ्या कंपनीचा शेअर तितकाच वाढला तर सरासरी फक्त १० अंकांनी वाढेल. कंपनी केवढी आहे याला किंमत नाही, शेअरचा भाव किती आहे याला आहे.

दुसरी अडचण शेअर विभाजनाची. ५,००० रुपयांच्या एका शेअरचे प्रत्येकी १,००० रुपयांचे पाच शेअर झाले, तर भागधारकाचे काहीच जात नाही. पण सरासरी मात्र कोसळते. त्यासाठी १९२८ मध्ये भाजक बदलण्याची पद्धत आली आणि त्याच वर्षी कंपन्यांची संख्या ३० झाली. भावावर आधारलेली मोजणी मात्र ‘डाऊ जोन्स’ने आजही सोडलेली नाही.

सेन्सेक्स आणि निफ्टी यांत वेगळे गणित वापरले जाते. प्रवर्तकांकडील शेअर वगळून बाजारात प्रत्यक्ष खरेदी-विक्रीसाठी उपलब्ध असलेल्या शेअरचे एकूण मूल्य काढतात आणि त्या प्रमाणात कंपनीला वजन देतात. यालाच ‘फ्री फ्लोट’ पद्धत म्हणतात. सेन्सेक्सने ती १ सप्टेंबर २००३ पासून स्वीकारली.

अखेरच्या वर्षांत डाऊ यांनी काय मांडले?

जोन्स १८९९ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. त्याच वर्षापासून डाऊ यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये बाजारावर संपादकीये लिहायला सुरुवात केली. बाजाराची हालचाल त्यांना समुद्रासारखी वाटे. मोठी भरती-ओहोटी वेगळी, तिच्यावरच्या लाटा वेगळ्या आणि रोजची खळबळ त्याहून वेगळी. भरती कुठवर आली हे पाहायला किनाऱ्यावर खुंटी रोवावी, तशी त्यांच्या लेखी ही सरासरी होती.

त्यांनी या विचारांना सिद्धांताचे रूप दिले नाही, की त्यावर पुस्तक लिहिले नाही. ‘डाऊ सिद्धांत’ हे नाव इतरांनी नंतर दिले. १८८५ ते १८९१ या काळात ते न्यूयॉर्क शेअर बाजाराचे सदस्यही होते, त्यामुळे दलालाची बाजूही त्यांना आतून ठाऊक होती.

१९०२ मध्ये प्रकृती ढासळत असताना त्यांनी आणि बर्गस्ट्रेसर यांनी कंपनी क्लॅरन्स बॅरन यांना विकली. ४ डिसेंबर १९०२ रोजी ब्रुकलिन येथील घरी डाऊ यांचे निधन झाले. ते ५१ वर्षांचे होते. आपली सरासरी कोणी विकतही घेईल, अशी कल्पना त्यांच्या लिखाणात कुठेही नाही. त्यांच्या दृष्टीने ते बाजार मोजण्याचे साधन होते.

मूळ बारा कंपन्यांचे पुढे काय झाले?

डाऊ यांच्या १८९६ च्या यादीतील एकही कंपनी आज त्या निर्देशांकात नाही. अमेरिकन टोबॅको ही कंपनी मक्तेदारीच्या खटल्यात १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फोडण्यात आली. टेनेसी कोल अँड आयर्न १९०७ मध्ये यू.एस. स्टीलने गिळली. यू.एस. लेदर विसर्जित झाली. सर्वांत जास्त टिकली जनरल इलेक्ट्रिक. पण जून २०१८ मध्ये तीही यादीबाहेर गेली आणि नंतर तिचे तीन भाग झाले.

सेन्सेक्सची गोष्ट वेगळी नाही. जानेवारी १९८६ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा ३० कंपन्यांत ‘पद्मिनी’ मोटार बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, ‘अॅम्बेसेडर’वाली हिंदुस्तान मोटर्स होती, बॉम्बे डाइंगही होती. यापैकी कोणीही आज त्यात नाही. उलट, इन्फोसिसचे शेअर बाजारात आले ते १९९३ मध्ये आणि एचडीएफसी बँकेची स्थापना झाली १९९४ मध्ये. पुढे या दोन्ही कंपन्या सेन्सेक्सच्या आधारस्तंभ झाल्या.

१९८६ मध्ये भविष्यातील उत्तम कंपन्या निवडायला निघालेल्या माणसाला ही दोन नावे सुचणे शक्यच नव्हते. निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्याला ती आपोआप मिळाली. कंपन्या मागे पडतात, यादी मात्र त्यांना वगळून नव्यांना घेत राहते, हे निर्देशांकाच्या टिकाऊपणाचे खरे कारण आहे.

निर्देशांकच विकत घेण्याची कल्पना कधी आली?

डाऊ यांच्या निधनानंतर सुमारे सात दशकांनी. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने १९७१ मध्ये एका कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीसाठी तसा प्रयोग केला. सामान्य गुंतवणूकदारांसाठी जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने १९७६ मध्ये पहिला इंडेक्स फंड आणला. १५ कोटी डॉलर जमवण्याचे लक्ष्य होते, जमले सुमारे १.१ कोटी. बाजाराच्या सरासरीवर समाधान कोण मानणार, म्हणून त्याची टिंगल झाली.

बोगल यांचा तर्क साधा होता. सगळ्या गुंतवणूकदारांचा एकत्रित परतावा म्हणजेच बाजाराचा परतावा. त्यातून फंड व्यवस्थापकांचे शुल्क आणि सततच्या खरेदी-विक्रीचा खर्च वजा केला, की बहुतेकांच्या हाती बाजारापेक्षा कमीच उरणार. मग खर्चच कमी का करू नये? या फंडाने डाऊ यांची यादी वापरली नाही. ५०० कंपन्यांचा, बाजारमूल्यावर आधारित ‘एस अँड पी ५००’ निवडला. ‘डाऊ जोन्स’ निर्देशांकावरचा मोठा ईटीएफ १९९८ मध्ये आला.

भारतातील सामान्यांशी याचा संबंध काय?

मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा, म्हणजे डाऊ यांच्या कंपनीपेक्षाही जुना. सेन्सेक्ससाठी मात्र १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यात १९७८-७९ हे आधारवर्ष धरून तेव्हाचे मूल्य १०० मानले आहे. निफ्टी ५० एप्रिल १९९६ मध्ये आला. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेतील पाच टक्के वाटा ईटीएफमध्ये गुंतवायला सुरुवात केली. पुढे तो १५ टक्क्यांवर नेण्यात आला. स्वतः कधी शेअर न घेतलेला कामगारही अशा रीतीने निर्देशांकाशी जोडला गेला आहे.

इंडेक्स फंड निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट खर्च. समजा, एक लाख रुपये २० वर्षांसाठी गुंतवले. वर्षाला १२ टक्के परतावा मिळाला तर त्याचे सुमारे ९ लाख ६५ हजार होतात, ११ टक्के मिळाला तर सुमारे ८ लाख ६ हजार. हे केवळ उदाहरण आहे, परताव्याची हमी नव्हे. पण एका टक्क्याच्या खर्चाने दीड लाखांहून अधिक फरक पडतो, हे त्यातून दिसते.

दुसरी गोष्ट मागोव्याची. फंड निर्देशांकाच्या किती जवळ राहतो, हे ‘ट्रॅकिंग एरर’ आणि ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ या आकड्यांवरून कळते. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत हा फरक कमी असलेला फंड बरा.

तिसरी लाभांशाची. टीव्हीवर दिसणाऱ्या सेन्सेक्सच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो. तो धरणाऱ्या निर्देशांकाला ‘टोटल रिटर्न इंडेक्स’ म्हणतात. फंडाची तुलना त्याच्याशीच करावी. फेब्रुवारी २०१८ पासून ‘सेबी’ने म्युच्युअल फंडांना ते बंधनकारक केले आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. ‘डाऊ जोन्स’ निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१.१७ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१.२२ वर आला. डाऊ यांनी ३६ वर्षांपूर्वी छापलेल्या पहिल्या आकड्याच्या जवळपास. १९२९ ची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. सेन्सेक्सही २००८ मध्ये २१ हजारांवरून काही महिन्यांत आठ हजारांच्या आसपास घसरला होता. मुलीच्या लग्नाचे किंवा घराच्या हप्त्याचे, दोन-चार वर्षांत लागणारे पैसे इथे ठेवणे म्हणूनच धोक्याचे. इंडेक्स फंड एखादी कंपनी बुडण्याच्या जोखमीपासून वाचवतो. सगळा बाजारच पडला तर तोही पडतो.

डाऊ यांनी बाजाराला आकडा दिला तो बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाइतके स्पष्ट दिसावे म्हणून. ती मोजपट्टी आता गुंतवणुकीचे साधन झाली असली, तरी तिचा मूळ स्वभाव बदललेला नाही. बाजार जे देईल तेच ती दाखवते आणि तेच, खर्च वजा जाता, फंडधारकाच्या पदरात पडते.